चष्म्यातून स्वच्छ दिसतं, मग सेवाग्रामला कशाला जायचं?

पत्रात काय आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलंय. वय ३६, अंगणवाडीत काम करतात, घरी सहा एकर वावर. चौथीत असताना चष्मा लागला, आता उजव्या डोळ्याला मायनस ९ आणि डाव्याला मायनस १०.५. मागच्या महिन्यात तालुक्याच्या शिबिरात चष्मा बदलायला गेल्या तर तिथल्या मॅडम म्हणाल्या की डोळ्याच्या नसेतला खड्डा मोठा वाटतोय, सेवाग्रामसारख्या मोठ्या दवाखान्यात जाऊन काचबिंदूची पूर्ण तपासणी करा. प्रेशर मात्र १६ आणि १७ आलं, म्हणजे नॉर्मल. घरी सांगितलं तर मालक म्हणतात प्रेशर नॉर्मल, चष्म्यातून सगळं दिसतंय, आता वेचणीच्या दिवसात काहून जायचं. सासूबाई म्हणतात असले रोग म्हाताऱ्या माणसाला होतात. नागपूरची बहीण म्हणते लेझर करून नंबरच काढून टाक, पैसे मी देते, कटकटच मिटेल. ताईंच्या वडिलांची नजर साठीच्या आतच गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, पण लग्न जमवताना सासरी "मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं" असं सांगितलं गेलं. आता खरं बोललं तर "आंधळ्याची लेक" ऐकावं लागेल ही भीती आहे. त्यात आठ वर्षांच्या मुलीलाही यंदा मायनस दीडचा चष्मा लागला. ताई विचारतात, जाऊ की नको? आणि हे सगळं माझ्यामुळे पोरीला गेलं का?

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, मग बाकीचं बोलू. जा. उद्याच धावत सुटायची गरज नाही, पण दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग पोरीची परीक्षा झाल्यावर असं करत वर्ष घालवू नका. एक वेचणी उरकून पुढच्या पंधरा-वीस दिवसात गेलात तरी चालेल.

मी स्वतः डॉक्टर नाही. २७ वर्षं ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होते, म्हणजे नंबर काढणं, प्रेशर बघणं, शिबिरातनं मोतीबिंदूचे पेशंट निवडून ऑपरेशनला पाठवणं, हेच केलं. त्यामुळे तुमच्या घरात जे बोलणं चाललंय ते मी शेकडो वेळा ऐकलंय, अगदी याच शब्दात. तुमच्या मालकांना किंवा सासूबाईंना मी दोष देत नाही, कारण त्यांचं म्हणणं वरवर बघितलं तर बरोबरच वाटतं. दिसतंय ना, मग डोळा चांगला. साधा हिशोब आहे. फक्त काचबिंदूला तो लागू होत नाही.

जाड चष्म्याचा नंबर म्हणजे नक्की काय हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. आपल्याला वाटतं नजर कमजोर आहे, काच लावली, झालं. खरं म्हणजे डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो. साधारण माणसाचा डोळा पुढून मागे २३-२४ मिलिमीटर असतो, आणि मायनस ६ च्या पुढचे नंबर असतात ना त्यांचा बहुतेक २६ किंवा त्याहून जास्त. दोन-तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण एवढ्याशा गोळ्यात ते फार असतं, मागची भिंत ताणली जाते, पातळ होते. कापूस दाबून दाबून भरलेलं पोतं बघा, आधी शिवणीपाशीच ताण दिसतो. डोळ्याची तशी शिवणीची जागा म्हणजे जिथून नस बाहेर पडून मेंदूकडे जाते ती. तिथे चाळणीसारखी एक बारीक जाळी असते आणि त्या जाळीच्या भोकांतनं दहा लाखाच्या वर तंतू जातात. ही जाळी आधीच ताणलेली असली की दुसऱ्याच्या डोळ्याला जे प्रेशर सहज सोसतं तेच इथे जड होऊ शकतं, तंतू दबतात आणि एकेक करून मरतात. मेलेला तंतू परत येत नाही, आणि तंतू कमी होत गेले की नसेतला तो खड्डा मोठा दिसायला लागतो. काचबिंदू तो हाच.

काचेनं काय होतं, तर लांबट डोळ्यात जे चित्र मागच्या पडद्याच्या आधीच पडत होतं ते नीट पडद्यावर पडतं. नसेला ती काच काहीच करत नाही. म्हणून चष्म्यातून स्वच्छ दिसणं ही चष्म्याची पावती झाली, नसेची नाही. आणि हा रोग सुरुवात करतो ती कडेच्या नजरेपासून, मधली नजर शेवटपर्यंत ठेवतो, दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. एक डोळा कमी पडला की दुसरा झाकून घेतो. दक्षिण भारतातल्या गावांमध्ये घरोघरी पाहणी झाल्या तेव्हा ज्यांना काचबिंदू निघाला त्यातल्या दहापैकी नऊपेक्षा जास्त लोकांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. आपल्याकडे काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

एक कास्तकार भाऊ मला अजून आठवतात. पन्नाशीचे असतील, डोळ्यावर जाड चष्मा. शिबिरात आले ते मोतीबिंदू आहे का बघा म्हणून. सोबत आलेला पोरगा सांगत होता की बाबा आताशा धुऱ्यावरून चालताना पाय चुकवतात, बाजूनं येणारी बैलगाडी यांना दिसत नाही, घरात चौकटीला खांदा धडकतो. मी तक्ता वाचायला लावला तर शेवटून दुसरी ओळ वाचली त्यांनी. तेव्हा मी नवीन होते, वाचतायत म्हणजे ठीक असं समजून चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि पुढचा पेशंट बोलावला. दोन वर्षांनी ते मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा दोन्ही नसा जवळजवळ सुकलेल्या होत्या. त्या दिवसापासून मायनस ६ च्या वरचा कोणीही समोर बसला की मी घरात कोणाची नजर गेली का हे विचारल्याशिवाय त्याला उठू दिलं नाही. तुमच्या शिबिरातल्या त्या मॅडमनी चष्म्याची चिठ्ठी देऊन मोकळं न होता नस बघितली, हे त्यांनी फार चांगलं काम केलंय. त्यांचा कागद फेकू नका.

आता प्रेशर. नॉर्मल म्हणजे १० ते २१ असं धरतात, तुमचं १६-१७, म्हणून घरचे निवांत. पण २१ च्या आत प्रेशर असूनही नस खराब होणारे लोक भरपूर असतात आणि जाड नंबरवाले त्यात बरेच. दुसरं, प्रेशर दिवसभर सारखं नसतं, एका दुपारी शिबिरात मोजलेला आकडा म्हणजे त्या एका मिनिटाचा आकडा. तिसरं, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ असला तर मशीन प्रेशर खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून त्याची जाडीही मोजावी लागते. बीपी एकदा नॉर्मल आलं म्हणून हार्ट चांगलं असं आपण म्हणत नाही ना, तसंच आहे हे.

म्हाताऱ्यांचाच रोग का, तर वयाबरोबर वाढतो हे खरं, सासूबाई पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. पण जाड नंबर आणि वडिलांना काचबिंदू, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की म्हातारपणाची वाट बघायची नसते. सख्ख्या नात्यात, आई-वडील किंवा बहीण-भाऊ, कोणाला असला तर धोका कितीतरी वाढतो.

पण घाबरून रात्रीची झोप घालवू नका, म्हणून हा आकडाही सांगते. ऑस्ट्रेलियात ब्लू माउंटन्स भागात चाळिशीच्या शेवटाला आलेल्या आणि त्याहून मोठ्या साडेतीन हजारावर लोकांची तपासणी झाली होती, १९९९ साली ते छापून आलं. ज्यांना मायनस नंबर नव्हता त्यांच्यात शंभरात दीड जणांना काचबिंदू, आणि मायनस ३ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत शंभरात साडेचारच्या आसपास. म्हणजे जवळपास तिप्पट. तिप्पट शब्द ऐकून छातीत धस्स होतं, पण शंभरातल्या पंचाण्णव जणांना नव्हता हेही त्याच आकड्यात आहे. तुमचा नंबर त्यापेक्षा बराच जास्त आणि वर वडिलांना काचबिंदू, म्हणून तुमचा धोका याहून वरचा धरायचा, पण तुम्हाला झालाच आहे असं आज कोणीच म्हणू शकत नाही. त्या मॅडमनी पण तसं म्हटलेलं नाही.

बहिणीचं लेझरचं म्हणणं प्रेमातून आलंय हे कळतं मला. पण ताई, नंबर काढायचं लेझर डोळ्याच्या पुढच्या पडद्याला घासून त्याचा आकार बदलतं. गोळ्याची लांबी तेवढीच राहते, मागची ताणलेली भिंत तशीच, जाळी तशीच. चष्मा जाईल, धोका जाणार नाही. उलट पुढचा पडदा पातळ झाला की मघाशी सांगितलं तसं प्रेशर खोटं कमी दिसतं आणि पुढे जाऊन कोणाला शंकाच येत नाही. शिवाय नऊ-दहाच्या नंबरला ते लेझर पुष्कळदा बसतच नाही, डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय सांगतात, तो आणखी महाग. नसेचा निकाल लागेपर्यंत हा विषय बाजूला ठेवा. बहिणीला म्हणा, पैसे द्यायचेच तर तपासणीला दे. आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी आधीच असं लेझर केलंय त्यांनी डोळे तपासायला जाल तिथे पहिलं वाक्य हे बोला की माझा आधी अमुक नंबर होता आणि लेझर झालंय. चष्मा नसलेल्या माणसाकडे बघून कोणाच्या लक्षात येणार?

तुमच्या पत्रात एक ओळ होती जी तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तीच जास्त खटकली. फवारणीच्या दिवसात डोळे लाल होतात, खाजतात, मग मेडिकलवाल्याकडून "नेहमीची बाटली" आणता आणि दोन दिवसात आराम पडतो. ती बाटली आज घरी गेल्यावर बघा. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरच्या नजरेखाली, ठराविक दिवस घेतलं तर ते चांगलं औषध आहे, ऑपरेशननंतर देतातच. पण आपल्या मनानं महिनोनमहिने टाकत राहिलं तर काही लोकांचं प्रेशर चढतं आणि जाड मायनस नंबरवाले, घरात काचबिंदू असलेले, यांचं जास्त चढतं. मी शाळकरी पोरांच्या नसा अशा बाटलीनं गेलेल्या बघितल्यात, दरवर्षी उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून आई मायेनं टाकत राहिली. लवकर आराम पडतो हाच तिचा धोका. तुम्ही किती वर्षांपासून आणि वर्षातनं किती दिवस टाकता ते लिहून न्या आणि डॉक्टरांना सांगा, लाजू नका, यावरून पूर्ण तपासणीची दिशा बदलू शकते. फवारणीचं औषध डोळ्यात उडालंच तर आधी स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा, बाटली शोधायची नाही.

जायचं कुठे, तर तुम्हाला यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल. सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे, कळंब-देवळीवरून वर्ध्याला गेलं की पुढे थोडंसंच. नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत. कुठेही जा, पण निघायच्या आधी फोन करून किंवा कोणाला पाठवून एवढं विचारा की काचबिंदूची ओपीडी कोणत्या दिवशी असते आणि ओसीटी (नसेचा स्कॅन) व फील्ड टेस्ट (कडेच्या नजरेची तपासणी) त्याच दिवशी होते का, नाहीतर दोन चकरा होतात आणि दुसरी चक्कर आपण मारत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे. जुने चष्मे, जुन्या चिठ्ठ्या, ती बाटली आणि वडिलांचा जो काही कागद सापडेल तो, सगळं एका पिशवीत. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, मग चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून एकट्या जाऊ नका आणि टोपी किंवा गॉगल घ्या.

फील्ड टेस्टला लोक घाबरतात म्हणून सांगते. एका वाडग्यासारख्या मशीनसमोर बसवतात, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक ठिपका चमकला की हातातलं बटन दाबायचं. काही ठिपके मुद्दामच इतके मंद असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत, त्यामुळे "मला दिसेचना" म्हणून रडू नका. पहिल्या वेळी रिपोर्ट पुष्कळांचा खराब येतो, दमल्यामुळे. परत करतात.

आणि ओसीटीचा रिपोर्ट हातात आला की त्यात लाल रंग बघून मोबाईलवर शोधत बसू नका. ते मशीन तुमच्या नसेची तुलना साधारण नंबरच्या लोकांशी करतं. तुमच्यासारख्या लांबट डोळ्याची नस मुळातच तिरपी असते, तिच्या कडेला पांढरट कोर असते, त्यामुळे काचबिंदू नसतानाही लाल येऊ शकतं. आणि उलटंही होतं, आधीच वेगळ्या दिसणाऱ्या नसेत खरा काचबिंदू लपून जातो. चांगल्या चांगल्या डॉक्टरांना इथे एका भेटीत सांगता येत नाही. ते म्हणतील सहा महिन्यांनी या, परत काढू. तेव्हा घरी कोणी म्हणेल की बघा, काही निघालं नाही तरी बोलावतात. तसं नाहीये ते. तुमच्या नसेची तुलना फक्त तुमच्याच जुन्या नसेशी होऊ शकते, म्हणून आत्ताचे फोटो आणि रिपोर्ट ही तुमची पहिली नोंद आहे, सातबाऱ्यासारखी जपा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, पोरीच्या दाखल्यांसोबत. आणि एकाच लाल रिपोर्टवर कोणी जन्मभराचे थेंब लिहून दिले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला काहीच हरकत नाही.

समजा निघालाच. तर बहुतेकांना रोज थेंब टाकावे लागतात, काहींना लेझर (नंबर काढायचं नव्हे, प्रेशर उतरवायचं वेगळं), थोड्यांना ऑपरेशन. प्रेशर आहे त्यापेक्षा आणखी खाली आणायचं, तुमचं १६ असलं तरी, एवढंच सगळ्याचं काम. गेलेलं परत येत नाही पण उरलेलं पुष्कळ वर्षं टिकतं आणि तुमचं वय बघता उरलेलं खूप असणार. थेंबानं नजर वाढल्यासारखी वाटत नाही, म्हणून लोक दोन महिन्यात सोडतात. दमा असेल तर थेंब लिहून घेतानाच सांगा, काही थेंब दम्याला चालत नाहीत. ऑपरेशनची वेळ आली तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. योगवर्गात शीर्षासन करत असाल तर आत्तापासून बंद करा, उलटं उभं राहिलं की डोळ्याचं प्रेशर दुपटीच्या आसपास जातं.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. जाड नंबरवाल्यांचा मागचा पडदा फाटू शकतो. अचानक डोळ्यासमोर काळ्या माश्या वाढल्या, विजेसारखं चमकायला लागलं किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी निघायचं, वेचणी असो की लग्न असो.

पोरीचं सांगते. नंबर काही अंशी घराण्यातनं येतो, हो. पण तुम्ही तिला काही केलेलं नाही. तिच्यासाठी करण्यासारखं आत्ता खूप आहे. रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू दे, मोबाईल डोळ्यापासून लांब, दरवर्षी नंबर बघायचा आणि चष्मा पूर्ण नंबरचा, पूर्ण वेळ. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. नंबर भराभर वाढतोय असं दिसलं तर तो हळू करायचे थेंबही मिळतात आता, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

राहिलं घरातलं. ताई, लग्नाच्या वेळी तुमच्या घरच्यांनी जे सांगितलं ते भीतीपोटी सांगितलं, तुम्ही तेव्हा त्या खोलीतसुद्धा नसाल कदाचित. पण आज ती गोष्ट तुमच्या तपासणीच्या आड येतेय. वडिलांना काचबिंदू होता हे डॉक्टरांपुढे मोकळेपणानं बोलता आलं नाही तर अर्धी माहिती तिथेच दबली. तुम्हाला वाटतं घरचे टाकून बोलतील. सासूबाई एखादवेळी बोलतीलही. पण मालकांबद्दल तुमच्याच पत्रात आहे की गेल्या पावसाळ्यात तुम्हाला रात्री अंगणात नीट दिसत नाही म्हणून त्यांनी स्वतः होऊन बाहेरचा लाइट लावून घेतला. ज्या माणसानं न सांगता लाइट लावला त्याला खरं सांगायला मला तरी एवढं भ्यायचं कारण दिसत नाही. त्यांना आधी सांगा, एकट्यात, सासूबाईंसमोर नाही. जमत नसेल तर त्यांनाच सोबत घेऊन जा आणि डॉक्टर "घरात कोणाला?" विचारतील तेव्हा तिथे उत्तर द्या. मी बघितलंय, जी गोष्ट घरात भांडण वाटते ती डॉक्टरच्या टेबलासमोर नुसती माहिती होते. आणि रात्री कमी दिसतं हेही सांगाच, त्याची वेगळी तपासणी लागू शकते.

तुमच्या भावाचंही एका ओळीत आलंय, त्याचा नंबर सात आहे आणि तो चाळिशीला आला. वडील त्याचेही तेच. जाल त्या दिवशी त्यालाही त्याच एसटीत बसवा.